कूलरमागचा धम्मरत्न

कार्यक्रम सुरू झाला की आपला धम्मरत्न माणसात राहत नाही, असं त्याची आई भागिरथाबाई सांगते, आणि ते खरं आहे. भीमजयंतीच्या कार्यक्रमात त्यानं रिसोडला गिटार डोक्यावर धरून स्पीकरच्या खोक्यावर उडी मारली, तिथून मंडपाचा खांब पकडला आणि लटकूनच अख्खं कडवं म्हटलं. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या म्हशी दावी तोडून निघाल्या. त्याच्या बँडचं नाव 'थ्री फेज'. वाजवणारे तिघं: गिटारवर आणि गळ्यावर धम्मरत्न, बेसवर सतीश, ड्रमवर पवन. शेतातली लाइट कधी येते आणि कधी जाते एवढ्या एका विषयावर त्यांची तीन गाणी आहेत, आणि तिन्ही गाण्यांना पोरं बेशुद्ध पडेपर्यंत नाचतात.

एरवी हाच माणूस बसस्टँडमागच्या दुकानात जळालेल्या पंपाच्या मोटारी तांब्याची तार गुंडाळून नव्यानं भरून देतो. गिऱ्हाईक आलं की तो मोटारीकडं बघतो, गिऱ्हाइकाकडं नाही. गिऱ्हाइकं हळूहळू मोटारीशीच बोलायला शिकली.

जयंतीनंतर जगदेव त्याच्या घरी मुलाखत घ्यायला आला. जगदेव 'बोलकं वऱ्हाड' नावाचं चॅनल मोबाइलवर चालवतो. समोर धम्मरत्न, एका बाजूला भागिरथाबाई, दुसऱ्या बाजूला वडील माणिकराव. माणिकराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण आवाज अजून नोकरीवर आहे.

"तं धम्मरत्नभाऊ," जगदेव म्हणाला, "हे रॉक संगीत तुमच्या डोक्यात आलं कसं?"

धम्मरत्ननं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. अंगठाही काही बोलला नाही.

"सांग ना रे बाप्पा," भागिरथाबाई म्हणाली. "मानूस कितीक लांबून येल हाय."

जगदेव शेजारच्या गल्लीतून आला होता, पण त्यानं ते नाकारलं नाही.

"मी सांगतो," माणिकराव गरजले. "याचे लहानपनी कान दुखत. तवापासून याले जोरात आयकाची सवय."

"मले त्याइच्या तोंडून पाह्यजे," जगदेव म्हणाला.

धम्मरत्न उठला. सगळ्यांना वाटलं, पाणी आणायला चालला. तो खोलीतल्या लोखंडी कूलरच्या मागं गेला. कूलरचा पंप दोन दिवसांपासून बिघडला होता, म्हणून मागची जाळी काढून ठेवलेली होती. त्या भोकात त्यानं डोकं घातलं. पंखा चालू होता.

"म-म-मले," कूलर म्हणाला, "अ-आवाज आवडते."

लहानपणी चालू पंख्यासमोर तोंड धरून आपण सगळ्यांनीच जसा आवाज काढला आहे, अगदी तसा. जगदेव दचकला, पण हाडाचा पत्रकार. त्यानं मोबाइल कूलरकडं वळवला. आणि मग कूलर बोलतच राहिला. पहिली गिटार कुठून आणली, गाणं सुचतं तेव्हा छातीत काय होतं, लोकांना हसवणारी गाणी लिहिताना आपल्याला रडू काहून येतं, सगळं सांगितलं. चहा दोनदा झाला. भागिरथाबाईला आपल्या लेकाबद्दल यातलं काहीच माहीत नव्हतं. ती कूलरसमोर पदर तोंडाला लावून बसून राहिली.

'रिसोडचा कूलर बोलला' या नावानं ती मुलाखत एवढी फिरली की कूलर बघायला लोक घरी येऊ लागले. बाकीचे पत्रकारही आले. तोवर पंप दुरुस्त झाला होता, मागची जाळी मात्र काढलेलीच राहिली. त्यांच्यात अनुभवानं ठरलं की टाकीत पाणी भरलेलं असलं की उत्तरं लांब आणि ओलसर येतात, कोरडा चालवला की तुटक येतात. राजकारणावरचे प्रश्न कोरडे विचारायचे, आईवडिलांविषयीचे पाणी भरून. वाशिमच्या एकानं तर कळवलं, गायक आला नाही तरी चालेल, कूलर तेवढा पाठवा.

"मंग मी कायले रियाज करून राह्यलो?" पवननं विचारलं.

सगळ्यात हाल माणिकरावांचे. ऐन मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर मुलाखतींमध्ये गुंतलेला, आणि तो चालू असला तरी त्यांना त्याच्यासमोर झोपायची सोय नाही, कारण कॅमेरा तिथं. "मुलाखत त्याची अन् घाम मले," ते एसटीच्या आवाजात म्हणायचे, आणि तेही मुलाखतीत रेकॉर्ड व्हायचं.

जूनच्या सुरुवातीला अकोल्याच्या एका टीव्ही चॅनलनं बोलावलं. थेट प्रक्षेपण. पवनचे वडील गुलाबराव भाजी पिकवतात. त्यांच्या टेम्पोत मेथी आणि वांग्यांच्या मधोमध कूलर उभा केला, दोरीनं बांधला. भागिरथाबाई निघताना गुलाबरावांना म्हणाली, "धक्का लागू देऊ नका भाऊ, त्याले बोलाचं हाय."

स्टुडिओ थंडगार. रंगीत पडद्यासमोर दोन खुर्च्या आणि मधे गंजलेला कूलर. मुलाखत घेणारी शुभांगी, हातात प्रश्नांची कार्डं, कॉलरला माइक. धम्मरत्न कूलरमागं जाऊन बसला, लाल दिवा लागला, शुभांगीनं हसून नमस्कार केला, कूलरची कळ दाबली, आणि आवाजाच्या खोलीतला माणूस काचेआडून दोन्ही हात हलवू लागला. पंख्याच्या घरघरीनं त्याच्या यंत्रांवर आवाज फाटत होता. त्यानं बाहेर येऊन कोणाला न विचारता कूलरची वायर उपटली.

पंखा थांबला. कूलर गप्प झाला.

"धम्मरत्नजी, आपल्या गाण्यांमधला हा विद्रोह नेमका कुठून येतो?" शुभांगीनं कूलरला विचारलं.

तिनं दुसरा प्रश्न विचारला. तिसरा विचारला. मग तिनं कार्डं खुर्चीवर ठेवली, उठली, आणि सरळ कूलरच्या मागं गेली. टीव्हीवर आता दोन रिकाम्या खुर्च्या आणि एक बंद कूलर एवढंच दिसत होतं. पण तिच्या कॉलरचा माइक चालू होता.

"भाऊ, काहीतरी बोला ना. लाइव्ह सुरू आहे."

ती खाली बसल्याची सळसळ ऐकू आली.

"मले बी भेव वाटते," शुभांगीचा आवाज आला. तिचं आजोळ जऊळक्याचं. घाबरली की तिच्या तोंडून आजोळ निघायचं.

"तुमाले कायचं भेव?" अगदी बारीक आवाजात धम्मरत्ननं विचारलं.

"कॅमेऱ्याचं. रोज वाटते. म्हनून त प्रश्न लिहून आनतो मी. तुमी स्टेजवर कशा उड्या मारता?"

"तिथं कोनी काही इचारत नाही ना," धम्मरत्न म्हणाला. "लोक वरडतात, मी वरडतो. कोनाचं कोनाले आयकू येत नाही. लय बरं वाट्टे."

"अन् समोर मानसं दिसतात ते?"

"लाइट डोळ्यावर असते, दिसत नाहीत. एकडाव केनवडले लाइट गेली अन् पहिल्या रांगेत माही मावशी बसेल दिसली."

"मंग?"

"मंग काय. गानं सोडलं, तिले जय भीम केला अन् खाली बसून गेलो."

शुभांगी हसली. इतकी हसली की कूलर हलला. पुढं बराच वेळ मावशी, गिटारच्या तारा आणि जऊळक्याच्या स्टेशनवर मिळणारी भजी असं बोलणं चाललं. घरी टीव्हीसमोर बसलेले माणिकराव म्हणाले, "आपल्या कूलरले किती गंज चढला पाह्य." भागिरथाबाईनं त्यांना गप्प बसायला सांगितलं.

त्या चॅनलनं पुढं स्वतःचा कूलर विकत घेतला. सोयाबीनच्या भावावर बोलायला आलेल्या एका पुढाऱ्यानं तो मुद्दाम मागून घेतला, आणि त्याच्या मागं बसून इतकं खरं बोलला की दुसऱ्या दिवशी त्याला खुलासा करावा लागला. धम्मरत्न मात्र पुन्हा कुठल्या मुलाखतीला गेला नाही. बोलावणं आलं की पवन परस्पर सांगायचा, कूलर दुरुस्तीले गेला.

दिवाळीनंतर केनवडला 'थ्री फेज'चा कार्यक्रम झाला. शुभांगी आली होती. धम्मरत्न त्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून स्टेजवर उतरला आणि शेवटचं गाणं त्यानं जमिनीवर आडवं पडून म्हटलं. गर्दी पांगल्यावर ती भेटायला गेली, तेव्हा तो गुलाबरावांच्या टेम्पोच्या पलीकडं उभा होता. ती तिकडं गेली नाही. अलीकडंच थांबून म्हणाली, "चांगलं झालं."

पलीकडून उत्तर आलं, "दुसऱ्या गान्यात तार तुटली माही."

"मले नाही समजलं."

"कोनालेच नाही समजलं."

मग दोघंही तिथंच उभे राहिले, मधे टेम्पो. ड्रम उचलून आणणारा पवन म्हणाला, "ताई, जरा बाजूले व्हा, सामान भराचं हाय." ती बाजूला झाली, आणि पलीकडच्या धम्मरत्ननंही अंदाजानं तेवढंच अंतर बाजूला सरकून घेतलं.