उजव्यानं घे

नातीचा उजवा हात जन्मापासून लुळा होता. बाळंतपणात खांदा अडकला आणि मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं, "आज काही सांगता येणार नाही. कोपर कधी वाकतं त्यावर पुढचं ठरेल." तिसऱ्या महिन्यात ते जेमतेम वाकलं. मग म्हणाले, "अजून थांबू. मोठी झाली की चांगला हात धरून ठेवायचा आणि तोंडावर रुमाल टाकायचा. दुसऱ्या हाताने रुमाल ओढला, हात तोंडाशी नेला, तर ऑपरेशन टळेल."

माझ्या लेकीने ही परीक्षा घरीच रोज दिवसभर चालवली. शेवटी रुमाल दिसला की पोर भोकाड पसरायची. मी घरातले सगळे रुमाल कपाटात टाकले आणि किल्ली कमरेला लावली. व्यायाम तेवढे करून घेत राहिले.

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, म्हणून सातव्यात ओतूरला आमच्याच घरी केलं. पुण्याच्या डॉक्टरांची तारीख पुढच्याच आठवड्यात होती. विहीणबाई घाटघरहून घरचे तांदूळ घेऊन आल्या, खीर त्यांनीच केली. मामाने मांडीवर घेऊन पहिला घास भरवला. मग त्याच्या मांडीसमोर पाटावर पेन, बोथट खुरपं आणि खिरीचा चमचा ठेवला. पोर जे उचलेल ते तिचं भविष्य.

"पेनच उचलणार. मास्तरीण होणार ही," मामा, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला.

"तूही पेनच उचललं होतंस. ट्रॅक्टर चालवतोस," मी म्हटलं.

पोरीने डावा हात पुढे केला. विहीणबाईंनी तो झटकन धरला. "आं हां! डाव्यानं न्हाई घ्यायचं, बाय माझी. उजव्यानं घे."

"आत्याबाई, हात सोडा तिचा!" लेक ओरडली.

"राहू दे," मी म्हटलं. डॉक्टर जे करणार होते तेच विहीणबाईंनी केलं होतं, तेही रुमालाशिवाय.

पोर चिडली, कुरकुरली. मग उजवा खांदा वर गेला, तुतारी फुंकावी तसं कोपर बाहेर आलं आणि चमचा थेट तोंडात.

"चमचा! म्हंजी खाऊन-पिऊन सुखी," विहीणबाई म्हणाल्या. मग सुनेकडे बघत मला म्हणाल्या, "आवं, पर ही का रडती?"

डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. हात डाव्याइतका वर जाईलच असं नाही, व्यायाम सोडू नका, एवढं सांगितलं. आता ती बालवाडीत जाते. जेवताना कोपर अजून तसंच बाहेर येतं आणि शेजारच्याच्या बरगडीत बसतं. मी तिच्या डावीकडे बसते.