मान्य आहे, हरकत नाही

पत्नी गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी माझे सगळे संदेश आणि ईमेल एका एआय सहायकाच्या हाती दिले. तो वाचायचा, माझ्या नावाने उत्तर द्यायचा. सूचना मीच लिहिली होती: नम्र राहा, वाद वाढवू नकोस, काही प्रलंबित ठेवू नकोस. ही शेवटची सवय माझ्या बातमीदारीच्या नोकरीतली. कार्ले गावातल्या या घरात बोलण्यासारखे फारसे काही घडत नव्हते, त्यामुळे चार महिने मी त्याची उत्तरे पाहिलीच नाहीत.

माझ्या कुंपणालगत एक पायवाट आहे. मागच्या भातखाचरात जायला शेजारच्या मावशींना तेवढीच वाट. पलीकडचा प्लॉट विकला गेला आणि नव्या मालकाने एका सकाळी वाटेवर खांब रोवले.

त्याच सकाळी मावशी फाटकात आल्या. आत आल्या नाहीत.

"भाऊ, तुमी लिवून दिलंत म्हनं, हितं वाटच नव्हती."

"मी? कधी?"

"मंग म्या काय पंधरा वर्सं उडत जात व्हते का शेतात?"

मी फोन तपासला. मालकाच्या वकिलाने विचारले होते, ही वाट कोणाच्या वहिवाटीत नाही, हे शेजारी म्हणून मान्य आहे का? चाळीस सेकंदांत उत्तर गेले होते: "मान्य आहे. हरकत नाही. धन्यवाद." खाली माझे नाव.

वडगावला ओळखीच्या वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, अधिकार तुम्ही दिलात, तेव्हा ते बोलणे तुमचेच धरले जाऊ शकते. नोकराने असे लिहून दिले असते तर त्याला साक्षीला बोलावता आले असते. याला कसे बोलावणार? मालकाच्या वकिलाकडून कळले की त्यांचे पत्रही अशाच सहायकाने पाठवले होते. म्हणजे वाट नव्हती यावर दोन यंत्रांचे एकमत झाले होते. त्या वाटेने चालणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते.

मावशींनी तहसीलदारांकडे वाट मोकळी करण्याचा अर्ज केला. मला जबाबासाठी बोलावले. लिपिकाने विचारले, "हे उत्तर तुमचं नाही?"

"माझ्या नावाचं आहे. मी दिलेलं नाही."

"मग दिलं कोणी? घरात आणखी कोण असतं?"

"कोणी नाही."

त्याने तेवढे लिहून घेतले. मग मी सांगितले ते लिहिले: वाट आहे, मावशी रोज जातात, मी स्वतः पाहतो. सहीसाठी कागद पुढे सरकवला तेव्हा बाकावरून मावशी उठल्या.

"सही नगं सायेब. सही काय, त्यांचा फोन बी करतोय. अंगठा घ्या."

"मावशी, ते शिकलेले आहेत," लिपिक हसला.

"म्हनून तर."

मी सही केली आणि तिच्याखाली अंगठाही उठवला. आयुष्यात पहिल्यांदा. मावशींनी ठसा जवळून पाहिला, मान हलवली.

तहसीलदारांनी पुढील आदेशापर्यंत खांब काढायला लावले. माझा जबाब त्यासाठी पुरला, असे वकील म्हणाला. माझ्या नावाचे ते पहिले उत्तर मात्र फाइलमध्ये तसेच आहे. ते कोणाचे मानायचे, हे अजून ठरायचे आहे.

कचेरीबाहेर मी मावशींना म्हणालो, "चला, रिक्षाने एकत्रच जाऊ."

"नगं. मी एश्टीनं जाते," त्या म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या.