प्रत काढणारे आमचे साडू

सुरतेतल्या सगळ्या संशयी माणसांचा संशय एका पारड्यात घातला, तरी दुसऱ्या पारड्यात एकटे आमचे साडू बसले की तेच खाली जाईल. दूधवाला माप ओतताना ते दुधाकडे बघत नसत, त्याच्या अंगठ्याकडे बघत. त्यांच्या नवागामच्या घरी शेजाऱ्याने पेपर मागितला, तर हवी ती बातमी कागदावर उतरवून देत; पेपर हातचा सोडत नसत. पण सगळ्यात मोठा संशय 'अमुक तिथे ठेवलंय' या वाक्यावर. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, एकदा अंघोळीला जाता जाता म्हणाली, "साखर कोपऱ्यातल्या डब्यात आहे." साडूंनी आधण ठेवेपर्यंत पाहुण्या आलेल्या सासूबाईंनी डबे पुसून त्यांच्या जागा बदलल्या. तो खारट चहा मीही प्यायलो आहे. "माले कोनावर भरोसा नही!" साडू कडाडले. चिडले की त्यांची अहिराणी बाहेर येई. "जागा सांगू नका, साखर हातात द्या!"

हेच तत्त्व त्यांनी कामातही आणलं. नव्वदीच्या अखेरीस आम्ही दोघं एका छोट्या कंपनीत कापड रंगवायच्या यंत्रांचे कंट्रोलर बनवत होतो. मी प्रमुख. तेव्हा नवी पद्धत आली होती: पडद्यावर चौकटी काढायच्या, रेघांनी जोडायच्या, आणि त्या चित्रावरून प्रोग्राम आपोआप तयार व्हायचा. चालत्या यंत्रात एक चौकट दुसरीला निरोप धाडी, 'पाणी इतकं तापव.' निरोपासोबत आकड्यांची अख्खी प्रत द्यायची, की आकडे मेमरीत कुठे ठेवलेत ती नुसती जागा सांगायची, हे आमच्या हातात होतं. साडू क्षुल्लक निरोपालाही प्रत जोडत. "दादा," ते मला म्हणत, "समोरच्याने डबा उघडेपर्यंत आत मीठ आलं तर?" पण प्रती काढण्यात यंत्र रेंगाळे. भेस्तानचे रंगवाले शेठ वैतागले, "आ मशीन ऊंघे छे के शुं?" म्हणजे, हे यंत्र झोपा काढतंय की काय?

शेठ पुन्हा बघायला येणार होते त्या दिवशी, साडू जेवायला गेलेले असताना, मी रंगाच्या निरोपातली प्रत काढून टाकली आणि नुसती जागा ठेवली. यंत्र धावू लागलं. शेठनी मला पेढा भरवला. मग एके दिवशी गुलाबी साड्यांचा अख्खा लॉट विटकरी होऊन बाहेर पडला. त्याचे आकडे वाचले जायच्या आत पुढच्या लॉटचे आकडे त्याच जागी येऊन बसले होते.

साडूंनी वायरमनवर संशय घेतला, वॉचमनवर घेतला, शेठच्या भाच्यावर तर फारच घेतला. शेवटी माझ्याकडे आले. "दादा, त्या निरोपाला मी प्रत जोडली होती ना?"

"तुम्हीच विसरला असाल," मी म्हणालो.

जुन्या चित्राची फ्लॉपी त्यांच्या शर्टाच्या खिशातच होती. कॉम्प्युटरमध्ये घालून बघितली असती, तर मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. पण दादांनी सांगितलं म्हणून त्यांनी ती बाहेरही काढली नाही. शेठपुढे हात जोडले, नोकरी सोडली आणि कोसाडला कुणाच्या तरी दुकानात हिशेब बघू लागले.

तेव्हापासून त्यांना एक नवा इसम संशयास्पद वाटू लागला: ते स्वतः. कुलूप लावून जिना उतरायचे, परत चढून ओढून बघायचे. बस निघाली की उतरून घरी यायचे. लग्नाकार्यात आम्ही त्यांच्या नकला करायचो. सगळ्यात हुबेहूब नक्कल मी करायचो.

परवा मी त्यांना फोन करून सगळं सांगून टाकलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "दादा, माझं मन राखायला काहीही सांगता! तुम्ही असं कराल?"

म्हणजे माझं खोटं त्यांनी डोळे मिटून घेतलं, आणि संशय घेतला तो माझ्या खऱ्यावर. म्हणून हे छापायला देतोय. एक प्रत त्यांना नेऊन देईन, हातात.

फोन ठेवता ठेवता मागून त्यांचा आवाज आला. मेहुणीला विचारत होते, "अगं, गॅस मी बंद केला होता ना? तू बघितलंस ना?"