आप्पांच्या बागेतून गेलेलं इंटरनेट

तक्रारींचा फोन उचलणाऱ्या माणसाला गप्पांसाठी विषय शोधावा लागत नाही. कवठे महांकाळच्या आमच्या छोट्या ब्रॉडबँड ऑफिसात मी सहा वर्षं तो फोन उचलतेय. किस्से इतके साठलेत की नवरा म्हणतो, जेवताना तरी ऑफिस बंद ठेव!

माणसं आम्ही तीनच. मालक अण्णा, मी, आणि केबल जोडणारे तानाजीमामा. मामा फौजेत सिग्नलला होते. अजूनही शिडीवर चढताना शर्टाची इस्त्री मोडत नाही.

* * *

एकदा सकाळपासून नेट बंद. एका आजींचा फोन आला. मामांनी फोन घेऊन त्यांना सगळा रस्ता समजावला. समुद्राखालून केबल मुंबईला येते, तिथून पुणे, सातारा, सांगली. तिथल्या मोठ्या कंपनीकडून आपण नेट घाऊक घेतो आणि खांबाखांबावरून घरोघर पोचवतो. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे सात समुद्रापल्याडनं सांगलीपतुर बिनचूक येतंय," आजी म्हणाल्या, "आन् सांगलीस्नं हितवर तेवढं तुमच्यानं आणवंना व्हय?"

मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि शिडी उचलली.

* * *

ऑफिसातल्या स्क्रीनवर प्रत्येक घराचा एक दिवा दिसतो. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. खंडेनवमीला सकाळी एका वाडीतले दिवे पटापट लाल व्हायला लागले. आणि फोन मात्र एकही नाही! मामा शिडी घेऊन पळाले.

तासाभरात त्यांचा फोन आला. घरोघर पाटावर खुरपं, विळा, फवारणीचा पंप आणि शेजारी हळदीकुंकू लावलेला राउटर. पहिल्याच घरच्या काकूंनी मामांना सुनावलं होतं, "वरीसभर राबतंय बिचारं. आज तरी इसावा नको व्हय?"

मामांनी परत येऊन आपलं केबल जोडायचं मशिनही पाटावर ठेवलं.

* * *

त्यानंतर दिवाळीतच आमच्या समोर एका बड्या कंपनीचं ऑफिस उघडलं. काचेचं दार, टायवाले साहेब, तीन महिने नेट फुकट. आमचे ग्राहक भराभर तिकडे जायला लागले. साहेब एकदा भेटायला आले आणि हसत म्हणाले, "अण्णा, पावसाळ्यापर्यंत तरी टिकाल ना?"

त्या दिवशी अण्णांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगून टाकलं, की गळती अशीच राहिली तर जूनमध्ये कुलूप. ही नोकरी मला फार आवडते.

* * *

अशातच एक अख्खी वाडी बंद पडली. आमच्याकडे एक यंत्र आहे. ते केबलीत प्रकाश सोडतं आणि बिघाड किती मीटरवर आहे ते सांगतं. त्या मापाने मामा पोचले ते थेट वाडीतल्या आप्पांच्या द्राक्षबागेत. घडांच्या वजनाने मांडव झुकलेला, म्हणून आप्पांनी तो बागेवरून जाणाऱ्या आमच्या केबलीने लोखंडी अँगलला करकचून बांधला होता.

केबल तुटली नव्हती. पण आत काचेचा धागा, इतकं वाकवल्यावर प्रकाश पुढे जाणार कसा? आप्पांना मात्र तार पसंत पडली होती. "लय दमाची हाय. आजून हाय का रं?"

मामांनी त्यांना साधी तार आणून दिली आणि सरळ केबलीचं महत्त्व पटवलं. आप्पा विचार करून म्हणाले, "सरळच न्ह्यायची तर माज्या बागंतनं न्ह्या की. तासगावची बाजू जवळ पडती."

मामांनी ऑफिसात येऊन हे सांगितलं तसे अण्णा उठून उभेच राहिले! आमचं सगळं नेट सांगलीहून मिरजेच्या रस्त्याकडेच्या एकाच चरातून यायचं. दुसरी वाट हवी हे अण्णांना केव्हाचं कळत होतं, पण जागा कुठली? आप्पांनी शेजारच्या बागायतदारांनाही तयार केलं. महिन्याभरात बागांच्या अँगलवरून आमची केबल तासगावकडच्या दुसऱ्या केबलवाल्याला जाऊन मिळाली.

* * *

मे महिन्यात, बारावीच्या निकालाच्या सकाळी, मिरजेच्या रस्त्यावर जेसीबीने तो चर उकरला. आमची केबल तुटली. त्याच चरातली बड्या कंपनीचीही तुटली. स्क्रीनवरचे सगळे दिवे लाल झाले. दोन मिनिटांत नेट बागेतून वळलं आणि दिवे एकेक करून हिरवे झाले. मी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या, कबूल करते!

एक वाजता आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. मोबाईल टॉवरच्या केबलीही त्याच चरात तुटलेल्या, म्हणून सगळे निकाल बघायला आमच्याकडे. गर्दीत मागे टाय दिसला. साहेबांच्या मुलीचाही निकाल होता. मी आमच्या वायफायचा पासवर्ड सांगितला. पोरगी पहिल्या वर्गात पास! साहेबांचे डोळे भरून आले, माझेही.

संध्याकाळी ते पेढे घेऊन आले. जरा घुटमळले, मग हळूच म्हणाले, "घरी एक कनेक्शन मिळेल का?"

मामांनी फॉर्म पुढे सरकवला. साहेबांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. 'आधीची कंपनी सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं.

मामांनी पेढा तोंडात टाकला.

"लिवा सायेब. जागा कमी पडली तर मागच्या बाजूला लिवा."