जिंकणारे पत्ते

महानगरात आमच्या वरच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक नागपूरकर राहतात. ते मोबाइलवर फुकटच्या, खोट्या पैशांच्या चिप्स लावून पोकर खेळतात आणि दर रविवारी आपल्या डावांची आकडेवारी तपासतात. गॅलरीत मटार सोलता सोलता मलाही शिकवतात, माझेही आकडे बघतात.

"नाना, शंभरातले नव्वद डाव तुम्ही न खेळताच सोडता. टेबलावर नऊ जण असते तर चाललं असतं. इथे चौघंच आहेत यार. चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसाल, तर आळीपाळीने भराव्या लागणाऱ्या सक्तीच्या चिप्समध्येच संपाल." मग एक दाणा तोंडात टाकून, "आणि आपल्या या खेळात शेवटची बोली ठरलेली, छोटीशी असते. तिला घाबरून जिंकणारे पत्ते टाकू नका."

आमच्या हिला वाटायचं, यांनीच मला नादी लावलं. परवा जिन्यात तिने ऐकवलंच, "भाऊजी, म्हातारपणी यांना जुगारी केलंत." मी मागे पिशवी धरून गप्प उभा. खरं तर 'शिकवा' म्हणत त्यांच्या दारात मीच गेलो होतो. तेवढं सांगून ते सुटले असते. पण ते माझ्याकडे बघून हसले, "हाँ वहिनी, चूक माझीच," म्हणाले आणि वर गेले. आमच्याकडचा त्यांचा चहा बंद झाला.

आज सकाळी मी हिला खरं काय ते सांगितलं.  ती आधणात कपभर पाणी वाढवून म्हणाली, "हाक मारा त्यांना."

त्यांनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अच्छा नाना, पत्ते उघडलेत तर. आकडेवारी सुधारतेय."