बेट तगेल का?

आमच्या कामातलं जे रिपोर्टात बसत नाही ते चहाबरोबर बाहेर पडतं. आणि रिपोर्टात फारच थोडं बसतं! माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात कुणी नुसतं "अरे, त्या बेटावर..." म्हटलं की लोक खुर्च्या सरकवत जवळ येतात.

बेट म्हणजे डोंबिवलीच्या पलीकडे खाडीतलं छोटं गाव. जायला होडीच. उधाणाचं पाणी हल्ली जरा जास्तच आत येतं. गाव किती तग धरेल हे आम्ही तपासायचं आणि त्यावरून सरकारी साहेब ठरवणार: बेटाला बांध घालून द्यायचा, की माणसं उचलून टिटवाळ्याच्या बिल्डिंगीत न्यायची. गावाला बांध हवा होता. मलाही. मी नेदरलँड्समध्ये शिकून नुकताच परत आलेलो. समुद्र अडवता येतो यावर माझी श्रद्धा. अजूनही आहे.

* * *

पहिल्याच दिवशी माझी सहकारी प्राची हिरामावशींच्या ओटीवर जाऊन बसली. बेटावर मावशींचा शब्द चालतो.

"मावशी, उधाणाचं पाणी घरात आलं तर काय करता?"

"पाय वर घेतो."

"आणि अजून वाढलं तर?"

"मग तुमच्यासारखे येतात, इचारायला!"

* * *

हाल दिसले तरच बांध मिळतो, असं गावात कुणीतरी पसरवलं. पुढच्या खेपेला मावशींचे दीर पांडूकाका खाटेवर कण्हत पडलेले. प्राची काळजीने वाकून विचारतेय, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "काका, बॅटिंग आली आपली!" काका टुणकन उठून पॅड बांधायला!

मग कुणीतरी उलटं सांगितलं. गाव फारच दुबळं दिसलं तर थेट टिटवाळा. त्याच्या पुढच्या खेपेला काका तांदळाची गोण खांद्यावर घेऊन आमच्यासमोर अंगणात फेऱ्या मारत होते.

"बगा मॅडम, एकदम फिट!"

"काका," प्राची म्हणाली, "मधे कुठेतरी थांबा ना!"

* * *

'संकटात शेजारी मदत करतात का?' हा आमचा लाडका प्रश्न. जाळी वाळवायच्या जागेवरून मावशींचं आणि शेजारच्या शेवंताबाईंचं जुनं भांडण.

"तिच्याशी आमचं बोलनं नाय."

"मग मागच्या उधाणाला?"

"तिची शेली खांद्यावर घेऊन आमच्या माल्यावर बांधली." मावशींनी बोट वर केलं. "पन बोलले नाय हां!"

प्राचीने 'हो' आणि 'नाही' दोन्हीवर खूण केली.

* * *

मी एकदा मोठ्या उत्साहाने तरंगत्या घरांचे फोटो नेले. भरतीला घर वर, ओहोटीला खाली! मावशींनी फोन हातात घेऊन सगळे फोटो नीट बघितले.

"सुंदर हाय," त्या म्हणाल्या. "पन आमी दिवसभर होडीत असतो. घरी कनाला येतो? जमिनीवर पाय टेकायला!"

* * *

शेवटी साहेब स्वतः आले. भोंगा वाजल्यावर गाव किती पटकन रिकामं होतं ते त्यांना बघायचं होतं. "हे जमलं नाही तर टिटवाळा पक्का," असं त्यांनी होडीतच सांगून टाकलेलं.

भोंगा वाजला. बघता बघता अख्खं गाव धक्क्यावर! म्हाताऱ्या, पोरं, शेवंताबाईंची शेळी, सगळे. साहेब खूश. "वा! आता बसा होड्यांत!"

कुणी हललं नाही.

"पान्यात पयला पावना," मावशी म्हणाल्या. "आमच्यात तशी रीत हाय. पावना सुखरूप पोचल्याबिगर, नावाडी सोडला तर, घरचा मानूस होडीत पाय ठेवत नाय."

साहेबांना हाताला धरून बसवलं. मग त्यांचा स्टाफ, मग प्राची, मग मी. बेटावर होत्या तेवढ्या होड्या आम्हीच भरल्या! पांडूकाकांनी आणि बाकीच्या नावाड्यांनी आम्हाला डोंबिवलीच्या काठाला आणून उतरवलं. काकांनी बिडी पेटवली.

वळून बघतो तर पलीकडचा धक्का मोकळा. गाव आपापल्या घरी!

साहेबांनी फोन लावला. स्पीकरवर.

"मावशी, अहो, दुसरी खेप कधी?"

"पोचलात ना साहेब? पाय कोरडे हायत?"

"हो, हो. पण दुसरी खेप?"

"पयली मानसांची झाली. दुसऱ्या खेपेला बांधाचे दगड भरा. होड्या तुमच्याकडंच हायत, रिकाम्या!"