देवमन पेंटरचा पांढरा सदरा

मेडशीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या देवमन पेंटरच्या हातच्या. रंगाच्या बाबतीत गडी महाहट्टी. गिऱ्हाइकानं निळा मागितला, की "कोणता निळा?" म्हणून त्याचं डोकं खाई. मग साखरेच्या आजारानं डोळे धरले. डावा गेलाच. उजव्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, पावसाळ्यापर्यंत टिकला तर नशीब समजा.

देवमनला आता एकच हवं होतं. दर वैशाखात रानाकडून दोन सुरांची शीळ ऐकू येई. नवरंगाची. अंगावर नऊ रंग घेऊन फिरणारं पाखरू, आणि जन्मभर रंगात हात बुडवलेल्या या माणसानं ते कधी पाहिलं नव्हतं! पोटामागं धावताना पाखरं बघायला सवड कोणाला असते? "डोळा जायच्या आधी तेवढा दाखव मले," तो साक्षीला, आपल्या मुलीला म्हणाला.

साक्षीनं हरीओमला गाठलं. हा लोकांना पक्षी दाखवायला जंगलात नेई. त्यानं बजावलं होतं, कपडे मातकट घाला, पाखरं बुजतात. आणि आमचे पेंटरसाहेब पहाटे दारात हजर, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा घालून!

"बाबा, हे काहून घातलं?"

"बुद्धपौर्णिमा हाय आज. अन् चांगल्या कामाले पांढरंच घालतेत. लग्नातबी पांढरंच घातलं होतं मी."

साक्षीनं त्याचा हात धरला आणि तिघं तसेच निघाले.

जंगलात साग उघडे पडले होते. खाली पाचोळा, मधे आटत आलेलं एक डबकं. तिघं पळसाच्या झुडपामागं बसले. शीळ आली. जवळ सरकली, थबकली, लांब गेली. पुन्हा तेच. हरीओम वैतागला.

"काका, सदरा चमकून राह्यला तुमचा. त्याच्यानं येऊन नाही राह्यला तो."

देवमननं सदरा काढला. आत बनियन, तीही पांढरी! साक्षीला हसू आवरेना. त्यानं तीही उतरवली. हरीओमनं दोन्ही नेऊन मागं लांब एका फांदीवर टाकली. उघडाबंब पेंटर मातीत माती होऊन बसला.

आणि नवरंग आला.

"बाबा, तो पाहा! डबक्याच्या कडेले. पोटाखाली लाल, पंखावर निळा..."

"कोणता निळा?" देवमननं विचारलं.

साक्षीनं दुर्बीण त्याच्या हातात दिली, त्याची मान धरून नेमकी वळवली. तो बघत राहिला. पाचोळा, पाणी, माती, सगळं एकच राखाडी. उंबरठ्याला ठेचा लागत होत्या, चहाचा कप सांडत होता, महिनाभर हे त्यानं घरात कोणाला कळू दिलं नव्हतं. एवढं एक पाखरू तरी दिसेल, अशी वेडी आशा होती. नवरंग मात्र आज निवांत होता. पानं उलटत, उड्या मारत बराच वेळ तिथंच खेळला. मग उडाला. देवमनला रडू फुटलं.

"दिसला ना, बाबा?"

त्यानं मान मागं वळवली.

"सदरा दिसते," तो म्हणाला. "थो तिकडं, फांदीवर. साऱ्या जंगलात तेवढाच दिसते मले."

साक्षीनं सदरा आणला, आणि लहान लेकराला घालतात तसा त्याच्या अंगात घातला.